तडा आधी कळावा म्हणून

पुण्याच्या मंडईच्या इमारतीला तडा जायचाच झाला तर तो कुठे जाईल, हे जुना गवंडी नुसत्या नजरेने सांगू शकतो. १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने उघडलेली ही दगडी वास्तू दाबावर उभी आहे. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि ते वजन खांबांतून पायात उतरते. दगड दाब भरपूर सोसतो, ओढ फारशी सोसत नाही. जिथे ओढ लागेल तिथे तो उलतो. हजारो वर्षांच्या बांधकामाने हा नियम पाठ करून घेतलेला आहे.

मंडईतून तुळशीबागेकडे वळले की तो नियम पुरत नाही. तुळशीबागेचा गणपती हा पुण्याचा मानाचा चौथा. १३ फूट उंच मूर्ती, अंगावर ८० किलोंच्या घरात चांदीचे दागिने, आणि मूर्ती काचतंतूची, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘फायबरची’. शिल्पकार डी. एस. खटावकरांच्या हातची ही मूर्ती १९७५ साली बसली आणि फायबरचा गणपती आणण्याचा पहिला मान तुळशीबागेला मिळाला. तिथून पुढे थोड्याच अंतरावर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथल्या दुकानांत सर्किट जोडायला ज्या हिरव्या-पिवळट पाट्या मिळतात, त्यातल्या चांगल्या प्रतीच्या पाटीच्या पोटात काचेच्या धाग्याचे विणलेले कापड असते आणि ते इपॉक्सी रेझिनमध्ये बुडवून गोठवलेले असते.

मूर्ती आणि पाटी या एकाच घराण्यातल्या. कणखर पण सुटे तंतू आणि त्यांना जागच्या जागी धरून ठेवणारे रेझिन, अशा जोडीला अभियंते कंपोझिट म्हणतात. कंपोझिटला तडा कुठे जाईल हे गवंड्याची नजर सांगू शकत नाही. बाहेर काही दिसण्याच्या पुष्कळ आधी आत काहीतरी सुटलेले असते, आणि ते एका जागी, एका क्षणी सुटत नाही. ते टप्प्याटप्प्याने होते. हे टप्पे आधी सांगता यावेत म्हणून जी खटपट झाली, तिचा हा मागोवा. त्या वाटेवरचा एक मोठा मुक्काम पवईला आहे आणि एक हडपसरला.

खळ, लाख आणि टिचकी

कापडाला ताठ करण्याची युक्ती कारखान्यांच्या फार आधीची. घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात. लोकरीचे धागे एकमेकांना धरून राहतात आणि घोंगडीला अंग येते. सावंतवाडीच्या गंजिफांमध्ये हीच खळ वेगळ्या कामाला लागली. जुन्या रीतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, गोल पाने कापायची, रंगवायची आणि शेवटी लाखेचा हात फिरवायचा. दशावतारी गंजिफेच्या एका जोडात १२० पाने असतात. ती शेकडो वेळा पिसली जातात, वाकतात, आपटली जातात. नुसते कापड लुळे पडले असते, नुसता खडू पहिल्याच डावात फुटला असता. दोघे मिळून टिकतात. सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभी केली नसती, तर कापडी कंपोझिटचा हा मराठी पूर्वज केवळ संग्रहालयात उरला असता.

तुळशीबागेच्या मूर्तीचा सख्खा पूर्वज मात्र जपानमध्ये सापडतो. नारा शहरातल्या कोफुकु-जी मंदिरातली अशुराची मूर्ती इसवी सन ७३४ ची. तीन तोंडे, सहा हात. मातीचा गाभा करायचा, त्यावर तागासारख्या धाग्याचे कापड लाखेत भिजवून थरावर थर चढवायचे, लाख वाळली की मागून कापून माती काढून टाकायची आणि आत लाकडी सांगाडा बसवायचा, अशी ती घडवलेली आहे. उंची सुमारे दीड मीटर, वजन मात्र १५ किलोंच्या आसपास. आतून पोकळ, बाहेरून ताठ, उचलायला हलकी. आज मूर्तिशाळेत फायबरचे काम ज्या क्रमाने होते, तो क्रम जवळजवळ हाच आहे. फक्त जपानी कारागीर गाभ्याच्या बाहेरून थर चढवत होता आणि आजचा कारागीर साच्याच्या आतून चढवतो.

या कारागिरांना नुकसानीचा अंदाज येत नव्हता असे नाही. त्यांची साधने दोन. एक म्हणजे जादा थर: शंका वाटली की आणखी एक कापड. दुसरे म्हणजे टिचकी. थर नीट चिकटलेले असतील तर टिचकीचा आवाज खणखणीत येतो, आत थर सुटले असतील तर बद्द येतो. ही टिचकी हद्दपार झालेली नाही. विमानाच्या कंपोझिट भागांवर नाण्याने किंवा छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐकण्याची तपासणी आजही केली जाते. पण टिचकी झालेले नुकसान सांगते, होणारे सांगत नाही.

ग्रिफिथची काच

होणारे नुकसान सांगायचे तर ताकद म्हणजे काय हे आधी कळायला हवे होते. तो धागा पहिल्यांदा हाती आला काचेतूनच. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या सरकारी विमानसंस्थेत काम करणारा ए. ए. ग्रिफिथ काचेच्या काड्या ओढून तोडत होता. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधातले आकडे आजही थक्क करतात. एक मिलिमीटर जाडीची काडी जेवढ्या ताणाला तुटली, त्याच्या सुमारे २० पट ताण ३.३ मायक्रॉन जाडीच्या तंतूने सोसला. काच तीच, ताकद वीसपट.

ग्रिफिथचे स्पष्टीकरण असे, की काच तुटते ती तिच्या अंगातल्या बारीक चिरांमुळे. चीर जितकी लांब तितका ताण तिच्या टोकाशी एकवटतो. जाड काडीत मोठी चीर असायला जागा असते, बारीक तंतूत नसते. इथे नुकसानीच्या अंदाजाची दिशाच बदलली. ‘हा पदार्थ किती मजबूत?’ हा प्रश्न अपुरा ठरला. ‘यात चीर केवढी आहे आणि तिला वाढायला वाट कोणती आहे?’ हा खरा प्रश्न ठरला. हजारो बारीक तंतू रेझिनमध्ये ठेवले तर एका तंतूची चीर दुसऱ्यात सहज शिरत नाही, मधले रेझिन तिला अडवते. काचेसारख्या ठिसूळ वस्तूतून चिवट वस्तू निघते ती अशी.

उरलेली सामग्री ग्रिफिथच्या आगेमागे जमा झाली. बेकलंडने शोधलेले बेकेलाइट हे रेझिन १९०७ चे. त्यात सुती कापड भिजवून दाबलेले तक्ते आणि त्या तक्त्यांतून कापलेले मोटारीचे आवाज न करणारे गिअर हे यंत्रयुगातले सुरुवातीचे कापडी कंपोझिट. आपल्या घरोघरी पोचलेला सनमायका याच कुळातला, फक्त कापडाऐवजी कागदावर उभा. १९३०च्या दशकात अमेरिकेत गेम्स स्लेटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काचतंतू स्वस्तात आणि भरपूर काढण्याची पद्धत बसवली. १९३८ साली त्यातून ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी निघाली. पॉलिएस्टर रेझिने त्याच सुमारास आली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवरची टोपणे या जोडीतून बनली. १९५३ साली शेव्हरोले कॉर्व्हेट ही फायबरच्या अंगाची मोटार रस्त्यावर आली. आज या कुळाचा कच्चा माल आपल्या अंगणात बनतो: ओवेन्स-कॉर्निंगने तळोज्याला कारखाना काढला आणि गोव्यात कोलवाळला काचतंतूचा कारखाना उभा राहिला.

मूर्तिशाळेतले फायबर

गणेशमूर्तीच्या धंद्याला तंतू नवे नव्हते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात काथ्या घालण्याची पद्धत पेणच्या कारखान्यांत रुळलेलीच होती. काथ्या नसलेली मूर्ती वाहतुकीत फुटते, काथ्या असलेली फुटली तरी तुकडे धरून राहतात. फायबरने हीच कल्पना टोकाला नेली.

काम असे चालते. मातीची मूळ मूर्ती, तिच्यावरून तुकड्यातुकड्यांचा साचा. साच्याला आतून मेण, मग जेलकोट, म्हणजे बाहेर दिसणारी गुळगुळीत कातडी. त्यावर मॅट, म्हणजे कापलेल्या काचतंतूंची विस्कटलेली चादर, आणि जिथे वजन पेलायचे तिथे रोव्हिंग, म्हणजे जाड धाग्यांचे विणलेले कापड. रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की हाताशी वेळ थोडा. ब्रशने रेझिन मुरवायचे, रोलरने दाबून हवेचे बुडबुडे काढायचे. गोठले की साचा उकलायचा, तुकडे आतून कापडाच्या पट्ट्यांनी जोडायचे, लोखंडाचा किंवा लाकडाचा सांगाडा बसवायचा.

मूर्ती वर्षभर मंडळाच्या ताब्यात आणि वर्षातून एकदा रथावर. तिला खरा मार बसतो तो या दिवशी. लक्ष्मी रस्त्यावरून तासन्‌तास सरकताना चाकाखालचा प्रत्येक खड्डा सांगाड्यातून अंगात जातो. म्हणून फायबरची मूर्ती सहसा सरळ पोटावर तडकत नाही. जिथे सांगाड्याचा बोल्ट कापडातून जातो, जिथे हाताचा जोड खांद्याला मिळतो, जिथे जाडी एकदम कमी होते आणि जिथे रोलर नीट न फिरल्याने रेझिन साचून राहिले आहे, तिथे तडा जातो. जुने कारागीर अशा जागा ओळखतात आणि तिथे हात सैल सोडून कापड घालतात. हा गंजिफावाल्याचाच जादा थर. तो चालतो, कारण मूर्तीला वजनाचे बंधन थोडे ढिले असते. विमानाला, पवनचक्कीच्या पात्याला ते बंधन ढिले नसते. तिथे जादा थर म्हणजे जादा वजन, आणि जादा वजन म्हणजे जादा ताण. तिथे आकडा लागतो.

सरळ तंतू सोपा, विणलेला अवघड

आकड्याची सुरुवात सोपी आहे. काचतंतूचा ताठरपणा सुमारे ७२ गिगापास्कल, रेझिनचा ३ च्या आसपास. दोन्ही निम्मेनिम्मे घेतले आणि सगळे तंतू एकाच दिशेने सरळ ठेवले, तर तंतूंच्या दिशेने ओढताना ताठरपणा येतो ३७ ते ३८. त्याच तुकड्याला आडवे ओढले तर येतो जेमतेम ६. पहिला हिशेब जर्मनीच्या फॉइग्टने १८८९ साली मांडलेल्या कल्पनेतून येतो, दुसरा रॉइसच्या १९२९ च्या. एकच तुकडा, पण उभा ओढला तर सहापट ताठ.

मग अशा सरळ थरांची चवड रचायची, प्रत्येक थराची दिशा वेगळी, आणि कोणता थर आधी जाईल ते पाहायचे. त्यासाठी १९६०च्या आणि ७०च्या दशकांत अनेक निकष निघाले. स्टीफन त्साय आणि एडवर्ड वू यांचा १९७१ चा निकष अजून प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. उभी ओढ, आडवी ओढ आणि कातर यांची एकत्र बेरीज करून ती एका मर्यादेपलीकडे गेली की थर गेला, असे तो सांगतो. इस्रायलच्या झ्वी हाशिनने १९८० साली ही बेरीज फोडली. तंतू तुटणे आणि रेझिन सुटणे या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांना वेगळे निकष हवेत, हे त्याचे म्हणणे टिकले.

पण हे सगळे सरळ तंतूंसाठी. विणलेल्या कापडात तंतू सरळ नसतात. साध्या विणीत ताण्याचा प्रत्येक धागा बाण्याच्या एका धाग्यावरून जातो आणि पुढच्याखालून. वेटोळे पडलेला दोर ओढला की आधी सरळ होतो आणि मग ताण घेतो. कापडातला धागाही तसाच सरळ व्हायला बघतो, पण भोवतीचे गोठलेले रेझिन त्याला होऊ देत नाही. प्रत्येक चढावर आणि उतारावर रस्सीखेच सुरू होते.

अशा कापडाची पट्टी ओढली तर घटनांचा क्रम साधारण ठरलेला असतो. ओढीला काटकोनात असलेल्या धाग्यांच्या आत आधी चिरा पडतात, कारण तिथे ओढ रेझिननेच सोसायची असते. पट्टीची लांबी अर्धा टक्कासुद्धा वाढलेली नसते तेव्हा हे होऊ शकते. काचेच्या कापडाला पुरते तुटायला मात्र दोन टक्क्यांच्या जवळपास जावे लागते. मग धाग्यांच्या मधल्या खळग्यांत साचलेले निव्वळ रेझिन तडकते. मग जिथे ताणा आणि बाणा एकमेकांना ओलांडतात तिथे दोघांमधली पकड सुटू लागते. शेजारचे थर एकमेकांपासून विलग होतात. अगदी शेवटी ओढीच्या दिशेचे तंतू तुटतात, आणि हा शेवट मात्र क्षणात होतो. भार आणि लांबी यांचा आलेख काढला तर पहिल्या चिरांच्या वेळी रेषा गुडघ्यासारखी वाकते. त्या वाकण्याला जगभरचे अभियंते गुडघाच म्हणतात.

नुकसान म्हणजे यातले नेमके काय? ते वस्तू कशाला वापरायची यावर ठरते. पाण्याच्या फायबर टाकीला पहिल्या चिरा पुरेशा आहेत. पाणी झिरपले की टाकी वाया गेली, ती फुटायची वाट कुणी बघत नाही. मूर्तीला त्याच चिरा दुय्यम आहेत, रंगाचा एक हात दिला की झाकतात. पवनचक्कीच्या पात्याला प्रश्न तिसराच: चीर आहे हे मान्य, ती वर्षाला किती वाढेल? ‘हा माल किती मजबूत?’ असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणूनच एका आकड्यात उत्तर देता येत नाही.

पवईची वीण

विणीचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो जपानच्या ताकाशी इशिकावा आणि अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात असलेल्या त्सु-वे चाऊ यांनी, १९८२ साली. त्यांनी तीन नमुने दिले. एकात कापड म्हणजे चौकटींची फरशी मानली, चढउतार सोडून दिला. दुसऱ्यात धाग्याचा नागमोडी मार्ग धरला. तिसरा सॅटिन विणीसाठी. तिथे धागा बराच अंतर सरळ जातो आणि वळणाजवळचा भार शेजारचे सरळ भाग उचलतात. सॅटिन कापडाची पट्टी साध्या विणीपेक्षा ताठ का राहते, ते यातून कळले. पण नागमोड त्यांनी एकाच दिशेची धरली होती, ओढीच्या दिशेची. खऱ्या कापडात दोन्ही दिशांचे धागे वळत असतात आणि दोन धाग्यांच्या मध्ये फट असते.

ही उणीव भरून काढण्याचे काम पवईला झाले. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातले प्राध्यापक एन. के. नाईक आणि त्यांचे विद्यार्थी पी. एस. शेंबेकर यांनी १९९२ साली विणलेल्या कापडाच्या लवचीकतेवर निबंधमाला प्रसिद्ध केली. दोन्ही दिशांची वळणे, धाग्याच्या छेदाचा खरा आकार आणि मधली फट हे सगळे त्यांनी हिशेबात घेतले. त्यांचा आणखी एक मुद्दा कारखान्यातल्या माणसाला लगेच पटेल असा होता. थरावर थर ठेवताना वरच्या कापडाचा उंचवटा खालच्या उंचवट्यावर आला की त्याच्या खळग्यात बसला, यावर तयार मालाचे गुण बदलतात. खळग्यात बसला तर थर दबून जाडी कमी होते, तेवढ्याच जागेत काच जास्त मावते. कापड तेच, थर तेवढेच, तरी दोन पट्ट्या वेगळ्या. प्रयोगशाळेत एकाच मालाचे आकडे मागेपुढे का होतात, याचे एक उत्तर इथे मिळाले.

पुढची पायरी नुकसानीची. व्ही. के. गणेश आणि नाईक यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात साध्या विणीच्या थरांची ओढीखालची मोडतोड टप्प्याटप्प्याने मांडली. विणीचा एक लहानात लहान पुनरावर्ती चौकोन घ्यायचा, त्याचे बारीक तुकडे पाडायचे, भार थोडाथोडा वाढवायचा. ज्या तुकड्यात आडवा धागा गेला त्याचा ताठरपणा हिशेबातून कमी करायचा, त्याच्या वाट्याचा भार शेजाऱ्यांवर टाकायचा, आणि पुन्हा पाहायचे की आता कोण जातो. धागे सरळ होऊ लागले की त्यांची भूमितीही बदलते, तीही प्रत्येक पायरीला नव्याने मांडायची. आलेखाचा गुडघा कुठे येईल, शेवट कुठे होईल आणि धाग्याची जाडी, रुंदी, फट बदलली तर दोन्ही किती सरकतील, हे यातून सांगता येऊ लागले. नाईकांचे ‘वोव्हन फॅब्रिक कंपोझिट्स’ हे इंग्रजी पुस्तक याच दशकातले. आज जगात कुठेही विणलेल्या कंपोझिटवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी पवईच्या या निबंधांना वळसा घालून सहसा जात नाही. आपल्याकडे हे नाव जेवढे ठाऊक असायला हवे तेवढे नाही.

सिद्धांतांची परीक्षा

याच सुमारास इंग्लंडमध्ये हिंटन, सोडेन आणि कद्दूर या तिघांनी एक धाडसी गोष्ट केली. कंपोझिट कधी मोडेल हे सांगणारे सिद्धांत जगभर झाले होते, प्रत्येक जनक आपल्याच आकड्यांवर खूश होता. या तिघांनी सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिली. तंतू आणि रेझिनची मोजमापे द्यायची, प्रयोगाचे उत्तर लपवून ठेवायचे, आणि १४ कसोट्यांची भाकिते आधी छापून घ्यायची. १९ सिद्धांत परीक्षेला बसले. १९९८ ते २००४ या काळात निकाल टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाले. काही सिद्धांतांनी चांगली कामगिरी केली, पण एकाच पट्टीबद्दल दोन नामवंतांची उत्तरे कित्येक पटींनी वेगळी असल्याचेही उघड झाले. आणि ही परीक्षा सरळ तंतूंच्या थरांची होती. विणलेले कापड अभ्यासक्रमाबाहेरच होते.

हडपसरचे पाते

प्रयोगशाळेबाहेर किंमत कशी मोजावी लागते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. १९९५ साली सुरू झालेल्या आणि हडपसरला मुख्यालय असलेल्या सुझलॉनच्या पवनचक्क्यांची पाती काचतंतूच्या कापडाची. मार्च २००८ मध्ये कंपनीने जाहीर केले, की अमेरिकेत बसवलेल्या एस ८८ जातीच्या काही पात्यांना तडे आढळल्याने १,२५१ पाती बळकट केली जातील. एका चक्कीला तीन, म्हणजे ४१७ चक्क्या.

पात्याचा प्रश्न एका ओढीचा नसतो. मिनिटाला १५ फेरे धरले तर २० वर्षांत १५ कोटींहून अधिक फेरे होतात. वारा नसलेला काळ वजा केला तरी आकडा काही कोटींत राहतो. प्रत्येक फेऱ्यात पाते एका बाजूला आडवे असताना स्वतःच्या वजनाने एकीकडे वाकते, दुसऱ्या बाजूला आडवे आल्यावर दुसरीकडे. एका फेऱ्यात काहीच घडत नाही. कोट्यवधी फेऱ्यांत आडव्या धाग्यातली चीर विणीच्या वळणापर्यंत पोचते आणि तिथून थरांच्या मध्ये शिरते. म्हणून पात्यांत भार पेलणाऱ्या भागासाठी साधी वीण टाळतात; धागे सरळ ठेवून बारीक दोऱ्याने नुसते शिवलेले कापड वापरतात. नागमोडच काढून टाकली की एक भांडण मिटते. वीण ही कापडाची ताकद असते, तशी ती त्याच्या मोडण्याची जागाही असते, हा धडा पवईच्या हिशेबातही दिसतो आणि उद्योगाच्या वापरातही.

तपकीर गल्लीतली पाटी

तपकीर गल्लीतल्या पाटीचा दोष वेगळ्या दिशेने येतो. एफआर-४ नावाने ओळखली जाणारी ही पाटी बहुधा १.६ मिलिमीटर जाड. कापड आडव्या पातळीत पसरलेले असल्याने त्या पातळीत ती तापली तरी तांब्याइतकीच फुगते, अंशाला दहा लाखांत सतराच्या आसपास. जाडीच्या दिशेने मात्र एकही धागा नाही. तिथे रेझिन मोकळे आहे आणि ते तांब्याच्या तीन-चार पट फुगते. १३०-१४० अंशांच्या पुढे त्याहूनही कितीतरी अधिक. पाटीच्या भोकांना आतून तांब्याचा पातळ मुलामा असतो. डाग देताना, म्हणजे सोल्डरिंगला, पाटी जाडीत फुगते आणि तांब्याची ती नळी ताणली जाते. वारंवार तापले-निवले की नळीला आडवी चीर पडते आणि यंत्र कधी चालते, कधी बंद पडते. कापड आपली पातळी राखते, पण जिथे धागा नाही तिथे त्याचे राज्य नाही.

वही हवी

आज हिशेब करणाऱ्याकडे पूर्वी नव्हती ती साधने आहेत. क्ष-किरणांनी पट्टीच्या पोटातला एकेक धागा त्रिमितीत पाहता येतो, त्याच भूमितीवर संगणकात भार टाकता येतो, चीर जन्मते कुठे आणि जाते कुठे हे चित्रात दिसते. तरी सगळ्या पद्धतींची भूक एकच आहे: माल नेमका कसा रचला, हे त्यांना सांगावे लागते. कापड कोणत्या विणीचे, थर किती, दिशा कोणत्या, रेझिन किती मुरले. विमानाच्या कारखान्यात प्रत्येक थराची नोंद असते. पुण्याच्या आसपासच्या लहान फायबर शेडमध्ये ती बहुधा कारागिराच्या डोक्यात असते आणि तो दुसरीकडे गेला की त्याच्याबरोबर जाते. मग वीस वर्षांनी मूर्तीच्या खांद्याला चीर दिसली, तर पवईचे सूत्र असूनही त्यात भरायला आकडा नसतो. पुन्हा टिचकीवर भिस्त.

म्हणून फायबरची मूर्ती करवणाऱ्या मंडळांना, टाक्या बनवणाऱ्या शेडना आणि काम करवून घेणाऱ्या गृहसंस्थांना एक सांगणे. कापडाची जात, थरांची संख्या, थरांच्या दिशा, रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण आणि काम केल्याची तारीख, एवढ्या पाच गोष्टी एका कागदावर लिहा. तो कागद वस्तूच्या आतल्या बाजूला शेवटच्या थरावर ठेवा आणि वरून पारदर्शक रेझिनचा एक हात द्या. काम पाच मिनिटांचे, खर्च जवळजवळ शून्य. तडा जाण्याआधी त्याची जागा सांगणारे गणित तयार आहे. त्याला लागणारी नोंद ठेवणे एवढेच काम आता आपल्याकडे उरले आहे.